तिळाची टोपली

लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आमोंगीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. सासरी कळलं तर लग्नात तिच्या बापाला दिलेल्या देजाच्या गाई परत मागतील आणि तिला माहेरी धाडतील, म्हणून लिरा शहरातल्या आमच्या दवाखान्यात ती दर महिन्याचं इंजेक्शन चोरून घ्यायची. मीच तिला शिकवलं होतं, "घरी सांग, बाजारात तीळ विकायला जाते. आणि दिवस गेले तर एकही इंजेक्शन चुकवू नकोस बाई, असलं हृदय बाळंतपणात दगा देतं."

सातव्या महिन्यात धाप लागून ती गेली. सासू माझ्या गळ्यात पडून रडत होती.



"दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी तिळाची टोपली मी माझ्या डोक्यावर घेतली, सिस्टर. पोरीला एकदाही बाजारात पाठवलं नाही."