फुगलेल्या बॅटऱ्या

ह्यांचं खुर्सीपारला मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. तिथल्या निकामी, फुगलेल्या बॅटऱ्यांची मोठी थैली आमच्या पलंगाखाली पडून असायची. मोना रांगायला लागली, सापडेल ते तोंडात घालू लागली, तशी त्या थैलीने माझी झोप उडवली.

कबाडीवाल्याने थैली उघडली आणि परत बांधली. "भाभी, ये तो आग पकड़ता है." कचरागाडीवालीनेही हात जोडले. महिनाभर फोन करकरून शेवटी रायपूरला असा माल घेणारे सापडले. "रविवारी नेऊन देतो," हे म्हणाले.

रविवारी पलंगाखाली थैली नव्हती.

"काय शोधून राहिली वो?" सासूबाईंनी विचारलं. "थैली ना? कालच शिवनाथ नदीत शिरवून आली मी. पुलावर ऑटो थांबवला, तं ऑटोवालाबी पाया पडला."

"नदीत सोडली? आई, कचरा होता तो!"

"कचरा कायचा? विश्वकर्मापूजेले दुकानातल्या सगळ्या सामानाले हळदकुंकू लावलं, तवा पलंगाखालच्या त्या थैलीलेबी तूच लावलं ना? पूजेची वस्तू अशी कोणाच्या हाती देत नाहीत बाई." मग मोनाला कडेवर घेत हळूच म्हणाल्या, "अन् माह्या नातीनं तोंडात घातली असती तं?"

मी मोनाची पाण्याची बाटली भरायला नळ सोडला.



आमच्या नळाला शिवनाथचंच पाणी येतं.