दुरुस्ती

आकाशात कुठे ताऱ्याचा स्फोट झाला तर तो आपोआप हुडकणारा प्रोग्रॅम तिने तीन वर्षं खपून लिहिला होता. दुर्बिणीचा ताजा फोटो जुन्याशी ताडायचा आणि नवा ठिपका दिसला की कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या जोरावर वेधशाळेतल्या तिच्या सरांनी जवळच्या दीर्घिकांमधले चाळीस स्फोट शोधले, त्यांवरून विश्व किती वेगाने पसरतंय ते मांडलं आणि नाव कमावलं. तिचं नाव मात्र शोधनिबंधातून गाळलं. "टायपिंगच तर केलंस," असं चारचौघांत म्हणाले. ती निमूटपणे नोकरी सोडून गेली, पण ते वाक्य आत सलत राहिलं.

सात वर्षांनी सरांचा फोन आला. "नवा कॅमेरा बसवलाय आणि प्रोग्रॅम अडून बसलाय. तुझ्याशिवाय कुणाला उमगत नाही गं. येतेस?"

ती दुसऱ्याच दिवशी गेली. दोन दिवसांत प्रोग्रॅम चालू करून दिला. मग आणखी एक दिवस थांबून, सरांनी घाईपायी काढायला लावलेली एक तपासणी त्यात परत घातली आणि जुने सगळे फोटो त्यातून नव्याने तपासून घेतले. चाळीसपैकी चौदा ठिकाणी स्फोट झालाच नव्हता. फोटोत वाटेने जाणारे लघुग्रह आले होते. ती यादी तिने जगभरच्या वेधशाळांना पाठवली.

सरांनी ती यादी वाचली. "हे तू मुद्दाम केलंस."

"हो, सर," ती म्हणाली. "पण एकही ओळ खोटी लिहावी लागली नाही."