वर्नाआजींची किटली
ट्रेलरतळावर, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, आम्ही एका रात्रीपुरते थांबलो होतो. शेजारच्या ट्रेलरमधल्या वर्नाआजींनी बजावलं होतं, "पोरी, विजेच्या सामाईक बोर्डावरची लाल वायर काढू नकोस हं. ती माझ्या पाइपाला गुंडाळलीय. तिच्या उबेमुळेच आतलं पाणी गोठत नाही." "मी काय कुकुलं बाळ आहे, आजी?" म्हणत मी हसले. त्या संध्याकाळी माझं तान्हं बाळ खोकायला लागलं. बोर्डावर हीटर लावायला जागा नव्हती, म्हणून मी तीच वायर उपटली आणि परत लावायला विसरले. सकाळी आजी दारात, हातात वाफाळती किटली. "माझा पाइप फुटला गं. म्हातारा झालाय, माझ्यासारखाच! तुझंही पाणी गोठलं असेल, म्हणून बाळासाठी बर्फ वितळवून आणलाय." आमच्या नळाला पाणी होतं. तरी मी किटली घेतली. दुपारी तळ सोडून निघताना त्यांची नजर चुकवून वायर परत जोडली. किटली माझ्याकडेच राहिली. कॅनडातल्या मेडिसिन हॅट गावच्या त्या ट्रेलरतळावर थांबणार असाल, तर निळ्या ट्रेलरचं दार वाजवाल? आजींकडे पाणी आहे का, बघाल?