जोडीदाराच्या सुया

"आजार तुझा, मग सुया मला कशाला?" रुइफांग म्हणाली आणि बोलता बोलताच बूट काढून पलंगावर आडवी झाली.

शेजारच्या पलंगावर तिचा नवरा शेन बोलिन डोळे मिटून पडला होता. दर मंगळवारी हेच. बायकोने आधी टोचून घेतल्याशिवाय हा बाबा सुईला अंग लावू देत नसे. सत्तरीच्या पुरुषाने सुईला इतकं भ्यावं, याची तिला लाज वाटे. कालव्याकाठच्या अख्ख्या आळीला तिने ते सांगूनही टाकलं होतं.

वसंतात दोघांनी डोळे तपासून घेतले होते. त्या गावात वाईट बातमी आधी घरच्या माणसाला सांगायची रीत. पण त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी शेनलाच एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, कडेकडेने दिसेनासं होतं, गेलेली नजर परत येत नाही, असं त्याने सांगितलं. रोज थेंब घालायचे आणि जोडीला अॅक्युपंक्चरच्या सुया. सुयांनी किती फरक पडेल हे कुणीच छातीठोक सांगत नव्हतं. थेंब मात्र चुकवायचे नाहीत.

थेंबांचाही तोच तमाशा. आधी तिने स्वतःच्या डोळ्यांत घालून दाखवायचे, मग हा बाटली घेऊन आत जाणार.

पण तिचा खरा राग मंगळवारवर होता. सुया टोचणाऱ्या डॉक्टर यिन शहरातून त्याच दिवशी येत आणि देवळात करुणेची देवी ग्वानयिन हिचं कीर्तन असे तेही त्याच दिवशी. बुवा पोथीतलं कडवं गात, मागे बायका देवीचं नाव धरत. त्यात रुइफांगचा आवाज सगळ्यांच्या वर. बुवा दमले की पोथी तिच्यापुढे सरके. आता ती पोहोचेपर्यंत कथा अर्ध्यावर आलेली असायची. तिने देवीला स्वच्छ सांगितलं होतं, याचे डोळे सांभाळ, पण वार तरी बदल.

रस्त्याने शेन तिचा दंड घट्ट धरून चाले. पुलाच्या पायऱ्यांवर तर सोडतच नसे. तिच्या खांद्याला येणारेजाणारे आपटत, कुणाची टोपली पायात येई, आणि ती म्हणे, हल्ली माणसांना बघून चालायचं वळणच राहिलं नाही. एक या आंधळ्याला सांभाळू की गावाला?

डॉक्टर यिननी तिच्या भुवईजवळ अलगद सुई बसवली.

"काकू, हलू नका."

"मी कुठे हलतेय? सोबतीला आलेल्या बाईला डोळ्यांभोवती सुया आणि रोग्याला हातापायाला. हा कुठला न्याय, बाई?"

डोळ्यांची वाट पायातूनही जाते, असं काहीसं डॉक्टर पुटपुटल्या. शेन घोरायच्या बेतात होता. त्याचा तिला आणखीच संताप आला. मागच्या खेपेला नजरेच्या यंत्रापुढेही याने तिलाच आधी बसवलं होतं. आज त्याचा निकाल होता, आणि हा झोपतोय.

सुया निघाल्या तशी ती उठली.

"म्हाताऱ्या, निकाल ऐक आणि लवकर ये. शेवटची आरती तरी मिळू दे," असं बजावून ती ओसरीवर बूट चढवायला गेली.

डॉक्टरांनी दार लोटलं. नजर वसंतात होती तेवढीच आहे, आणखी आक्रसलेली नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शेन पलंगाच्या काठावर बसला. मग बाहीने तोंड पुसत त्याने पुढच्या मंगळवारची वेळ मागितली.

"दोघांचीही?" डॉक्टर वैतागल्या. "काका, आता काकूंना खरं सांगा. तुमचे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत. उगाच किती दिवस टोचून घेणार?"

"स्वतःच्या डोळ्यांसाठी ती एक कीर्तन बुडवायची नाही," शेन म्हणाला. "माझ्यासाठी बुडवते."