न करकरणारा जिना

ऐका मंडळी, एका सुताराची गोष्ट सांगतो. त्यानं जन्मभर मालिकांचे सेट उभारले. त्यातली एक नवव्या भागातच बंद पडली, सेट मोडला आणि त्याच्या हातचा सगळ्यात देखणा जिना सरपणात गेला. घरी कुणी पाहिलाच नाही, मग सांगायचं काय? परवा सून कपड्यांच्या घड्या घालताना मोबाइलवर तीच मालिका बघत होती. "कुणीतरी जुने भाग टाकलेत, बाबा. इतकी गोड मालिका मेल्यांनी बंद कशी केली?" नायिका धावत जिना उतरली. "आवाज वाढव," सुतार म्हणाला. "वाढवला. पण ऐकायचं काय? लाकडी जिना, तरी करकरतच नाही." "करकरेल कसा? तुझ्या सासूची नवी शाल कापून पायऱ्यांखाली घातलीय. महिनाभर बोलली नाही." सुनेनं घड्या टाकून भाग मागे नेला. "पोरांनो, या, आजोबांचा जिना बघा." सुतार ताठ बसला. तुम्हीही बघा, फक्त नजर नायिकेच्या पायाखाली ठेवा.