आधी तुमचा अंगठा

"अंगठा द्यायचा नाही, तर आलास कशाला?" हेडमास्तर खंडेराव कडाडले.

सुका दाराशीच उभा होता. अंगावर वीटभट्टीची लाल धूळ. त्याची लेक भागी काल पायपीट करत भट्टीवर गेली आणि बापाला पालघरला, शाळेत घेऊन आली. टेबलावर तिचा नर्सिंगच्या शिक्षणाचा अर्ज पडला होता. आजच्या चारच्या टपालाने गेला तर गेला, नाहीतर संपलं. बापाचा अंगठा हवा होता आणि बाप हात मागे बांधून उभा!

नर्मदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंबईला तीन आठवडे शिकून त्या शाळेच्या मार्गदर्शक बाई झाल्या होत्या. कोणी पुढे काय शिकावं, ते मुलांशी बोलून ठरवायचं. भागीशी त्या वर्षभर बोलल्या होत्या.

"सुकादादा, पोरीचं वाटोळं करताय तुम्ही!"

"आमचं रान असंच गेलं, बाई. एक कागूद, आमचा अंगठा. आता पोर बी जाईल."

"अडाणी ते अडाणीच," खंडेराव म्हणाले. "बाई, तुमचं मार्गदर्शन ठेवा गुंडाळून. तारापूरला बांधकाम निघालंय, पाट्या वाहील पोरगी." त्यांनी अर्ज खणात सारला.

झालं! बाईंचा राग जागच्या जागी खंडेरावांकडे फिरला. त्यांनी खसकन खण ओढून अर्ज बाहेर काढला.

"दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, सर. त्याला अडाणी म्हणत नाहीत." मग त्या सुकाकडे वळल्या. "काय केलं म्हणजे तुमचा विश्वास बसेल?"

सुकानं जरा विचार केला. "आधी तुमी अंगठा द्या."

"माझी सही होणारच आहे की खाली."

"सही नको. तवा बी सावकारानं सहीच केली, अंगठा आमचा. रान आमचं गेलं. सहीवाल्याचं काय गेलं?"

 बाईंनी शाईचा पॅड ओढला, अंगठा दाबला आणि स्वतःच्या सहीच्या जागी ठसा उठवला.

"अहो, बी.ए. झालात ना? शोभतं का हे?" खंडेराव ओरडले.

"शोभतं."

सुका टेबलाशी आला. बाईंचा ठसा त्यानं नीट निरखला. मग वाकून शेजारी आपला उमटवला. भागीला रडूच फुटलं.

अर्जावर आता एकच जागा रिकामी होती. सुकानं तिथे बोट ठेवलं. "इथं कोन?"

"हेडमास्तर," भागी डोळे पुसत म्हणाली.

खंडेरावांनी खिशातलं पेन काढलं. सुकानं बोट उचललं नाही.

नर्मदाबाईंनी शाईचा पॅड खंडेरावांपुढे सरकवला. "चाराला दहा मिनिटं आहेत, सर."