उस्तादांची पट्टी

"अहो, तिथं नवी फिटिंग टाका. पाईप जोडावरच गळतोय," इंदुमती गॅरेजच्या दारातूनच म्हणाली.

नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ब्रेक ऑइल प्रेशरनं भरायच्या मशीनचा पाईप जिथं जोडला होता, तिथं त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. या माणसाला जगात दुसरं औषधच ठाऊक नव्हतं. घरातला नळ, कुकरचं हँडल, खाटेचा पाय, सगळ्यांना पट्ट्या! लोक याला उस्ताद म्हणत. लोकांचं काय जातंय, त्यांना थोडंच याच्या घरात राहायचं होतं?

"निदान जावयाच्या गाडीवर तरी हे प्रयोग नकोत."

"तू गप बस. माझी पट्टी बसली की ब्रह्मदेव आला तरी गळत नाही."

त्यानं मशीन चालू केलं. पट्टी फाटली, पाईप निसटून उसळला आणि ऑइलची पिचकारी बोनेटभर उडाली.

"आधी पाणी मारा! रंग खातं ते!"

"मला शिकवू नकोस," म्हणत उस्ताद वरवर फडकं फिरवून चहाला निघून गेले.

दुपारी जावई आला, तेव्हा लालभडक बोनेट भाजलेल्या पापडासारखं फुगलं होतं. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि खिशातून फोन काढून थेट आपल्या आईला लावला.

उस्तादांनी केविलवाण्या नजरेनं बायकोकडे पाहिलं. तिनं खिळ्याला लटकणारी एक पट्टी काढून त्यांच्या हातात कोंबली.

"घ्या. आता ही जावईबापूंच्या तोंडाला बांधा."